शके मोजणाऱ्या कबरी

पूर्व जावातील त्रोवुलान हा मजापहित साम्राज्याच्या राजधानीचा परिसर. तेथील त्रोलोयो या जुन्या दफनभूमीत काही शिळांच्या एका बाजूला अरबी धर्मवचने आहेत, दुसऱ्या बाजूला जुन्या जावी अंकांत साल. ते साल हिजरी नाही, शके आहे. आपल्या पंचांगावर आणि लग्नपत्रिकांवर असतो तोच शक. या परिसरातील सर्वांत जुनी अशी शिळा शके १२९० ची, म्हणजे इ. स. १३६८-६९ ची. तेव्हा हयाम वुरुक गादीवर होता आणि साम्राज्य भरभराटीत होते. काही शिळांवर मजापहितचे सूर्यचिन्हही आहे. त्यामुळे हे मृत परदेशी व्यापारी नसून दरबाराच्या निकटचे जावी मुसलमान असावेत, असे अनुमान निघते.

या शिळा जावाच्या इतिहासाची रूढ मांडणी अडचणीत आणतात. त्या मांडणीत आधी हिंदू-बौद्ध युग, मग इस्लाम आणि मधे एक पडदा. पडद्याची तारीखही ठरलेली आहे : शके १४००, म्हणजे इ. स. १४७८. परंतु १४८६ चे मजापहितच्या राजाचे लेख उपलब्ध आहेत. शतक पुरे होताना राज्यही संपावे, ही कथाकाराची सोय झाली, पुरावा नव्हे.

भारतीय वाचकाने ही मांडणी सहज स्वीकारली, याचे एक कारण आपल्या इतिहासलेखनात आहे. रमेशचंद्र मजुमदारांच्या ‘सुवर्णद्वीप’ (१९३७-३८) या ग्रंथाचे ऋण मोठे आहे. विखुरलेले लेख त्यांनी भारतीय अभ्यासकांपुढे एकत्र आणले. पण त्यांच्या मालेचे नावच अतिपूर्वेतील प्राचीन भारतीय ‘वसाहती’ असे होते. वसाहत म्हटले की जावी माणूस केवळ घेणारा ठरतो आणि पुढचा सारा इतिहास आपले काहीतरी हरवल्याचा होतो.

प्रत्यक्षात घेतलेल्या गोष्टींची मांडणी जावाने स्वतःच्या पद्धतीने केली. तेराव्या शतकातील राजा कृतनगर याच्या चंडी जावी या स्मारकमंदिरात खाली शिव आणि वर अक्षोभ्य बुद्ध होता, असे प्रपंच हा दरबारी बौद्ध कवी १३६५ च्या ‘देशवर्णन’ काव्यात सांगतो. याला सरसकट मिश्रण म्हणणेही चूक. शैव आणि बौद्ध धर्मसंस्थांवर राज्याचे स्वतंत्र अधिकारी होते. दोन्ही मार्ग वेगळे राखून राजाच्या ठायी त्यांचा मेळ घातला जाई.

इस्लाम आला तो अशा व्यवस्थेत. तो नेहमी शांततेनेच आला, असे मात्र म्हणता येत नाही. सोळाव्या शतकात देमाकच्या सुलतानांनी युद्धे केली आणि मजापहितचा शेवट त्यांच्याच हातून झाला. समन्वयाचे गोड चित्र रंगवताना हे झाकणे म्हणजे पडद्याऐवजी गालिचा अंथरणे होय.

तरीही युद्धानंतर काय उरले, हा प्रश्न राहतोच. १६३३ मध्ये मातारामच्या सुलतान अगुंगने इस्लामी चांद्र महिने स्वीकारले. त्या वेळी हिजरी १०४३ सुरू होते; त्याने वर्षाचा आकडा मात्र शके १५५५ वरूनच पुढे चालवला. मध्य जावातील चंग्गल येथे शिवलिंगाच्या स्थापनेचा लेख शके ६५४ चा आहे. त्या लेखापासून मुसलमान सुलतानापर्यंत सुमारे नऊशे वर्षे आकडा तुटला नाही. जावाच्या इतिहासाची प्रकरणे पाडताना त्याची दखल घ्यावी लागेल.