कल्पितसृष्टी आणि बालश्रोता

कल्पित साहित्याचा विचार करताना आपण लेखकाच्या प्रतिभेकडे पाहतो, त्याच्या पहिल्या श्रोत्याकडे क्वचितच. हा श्रोता मूल असेल, तर कित्येकदा तोच पहिला समीक्षक ठरतो, असे आम्हांस वाटते.

जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द हॉबिट’ १९३७ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी ते ती आपल्या मुलांना घरी ऐकवीत. मागच्या खेपेस बिल्बोचे दार निळे होते आणि थोरिनच्या टोपीचा गोंडा सोनेरी. आज दार हिरवे अन् गोंडा रुपेरी कसा, असे चिमुकल्या ख्रिस्तोफरने मध्येच विचारले. वडील चडफडले, पण उठून त्यांनी नोंद करून ठेवली. ही आठवण पुढे ख्रिस्तोफर यांनीच सांगितली आहे.

वरवर पाहता ही केवळ विस्मृती. पण काल्पनिक दाराला कोणताही रंग चालतो, हे गृहीतक तिच्यामागे दडलेले होते. मुलाच्या लेखी ते दार खरे होते, म्हणूनच रंग पालटलेला त्याला खपला नाही. असा प्रश्न अविश्वासाचा नव्हे, पूर्ण विश्वासाचा असतो.

पुढे टॉल्किन स्वतःलाच असे प्रश्न विचारताना दिसतात. पहिल्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या पैजेत आपली अंगठी देऊ करतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना त्या अंगठीचे स्वरूपच बदलले. मग तो ती सुखासुखी कशी देईल? १९५१ च्या आवृत्तीत त्यांनी ते प्रकरण नव्याने लिहिले आणि जुनी हकीकत ही बिल्बोची थाप ठरविली. विसंगतीतून पात्राचा स्वभाव उलगडला.

आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते. मग चिऊचे मेणाचे घर उन्हात वितळत नाही का? भिजलेल्या काऊला ती दारात ताटकळत का ठेवते? पहिल्या प्रश्नाने वस्तूंविषयीचे गृहीतक हलते. दुसऱ्याने चिऊच्या चांगुलपणाचे. आणि आपण ‘गोष्टच आहे ती!’ म्हणून मुलाला गप्प करतो.

इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर येथील आपल्या घरांत अशा गोष्टी हीच पुष्कळ मुलांची पहिली मराठी. तिच्यात प्रश्नाला जागा नसेल, तर मूल तो दुसऱ्या भाषेत विचारील. म्हणून मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी छापण्यापूर्वी लेखन एकदा मुलांना वाचून दाखवावे, आणि ती जेथे अडवतील तेथे थांबावे.