हसणारा कोण? : केट बीटन यांच्या चित्रकथांतील विनोद

केट बीटन यांच्या 'डक्स : टू इयर्स इन द ऑइल सँड्स' (२०२२) या चित्रात्म आत्मकथनाला २०२३ मध्ये आइस्नर पारितोषिके मिळाली. त्याच वर्षी 'कॅनडा रीड्स' या स्पर्धेत ते विजयी ठरले. त्याबरोबर एक समजूतही रूढ होत गेली : इतिहासावर गमतीदार चित्रपट्ट्या काढणारी लेखिका अखेर गंभीर साहित्याकडे वळली. विनोदाला गांभीर्याच्या उंबरठ्याबाहेर बसविण्याची जी सवय समीक्षेला, आणि मराठी समीक्षेलाही, जडलेली आहे तिला ही समजूत सोयीची आहे. परंतु ती स्वीकारली तर बीटन यांच्या लेखनातील मध्यवर्ती प्रश्नच निसटतो. त्यांचा विनोद 'डक्स'मध्ये संपत नाही. तेथे त्याची उलटतपासणी होते.

बीटन यांचा जन्म १९८३ चा. नोव्हा स्कोशिया प्रांतातील केप ब्रेटन बेटावरचे मबू हे त्यांचे गाव. या बेटावरील कोळसा व पोलाद उद्योग २००१ च्या सुमारास जवळपास बंद पडले. पोटासाठी बाहेर जाणे ही तर तेथील त्याहून जुनी रीत. माउंट अ‍ॅलिसन विद्यापीठात इतिहास व मानवशास्त्र शिकून बीटन पदवीधर झाल्या आणि डोक्यावरचे शैक्षणिक कर्ज फेडण्यासाठी २००५ मध्ये अल्बर्टातील तेलवाळूच्या खाणींवर गेल्या. कामगारांना अवजारे देण्या-घेण्याचे कोठीवरचे काम त्यांना मिळाले. मध्यंतरी व्हिक्टोरिया येथील सागरी संग्रहालयात त्यांनी नोकरी केली. तेथील पगारात कर्ज फिटणे शक्य नव्हते, म्हणून पुन्हा खाणी. २००८ पर्यंत हे चालले. 'हार्क! अ व्हेग्रंट' ही त्यांची वेबकॉमिक सुरू झाली ती २००७ मध्ये, म्हणजे याच काळात. आधी विनोद व मग वास्तव असा जो क्रम प्रकाशनाच्या सनावळीवरून दिसतो तो अनुभवाचा क्रम नव्हे.

'हार्क!'मधील विनोदाचे तंत्र वरवर पाहता साधे आहे. इतिहासातील वा अभिजात साहित्यातील थोर व्यक्ती आजच्या तरुणांच्या सैल, अघळपघळ बोलीत बोलू लागतात. हा कालविपर्यास झाला. पण केवळ कालविपर्यासाने हसू फार काळ टिकत नाही. ब्रॉन्टे भगिनींवरील प्रसिद्ध चित्रपट्टी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. शार्लट आणि एमिली रस्त्यावरचे उद्धट, दारुडे, धुमसते पुरुष पाहून मोहून जातात. अ‍ॅनला त्यांत केवळ उद्धटपणा आणि दारू दिसते. तसे ती म्हणते, तेव्हा दोघी बहिणी तिच्या पुस्तकांवरून तिलाच टोमणा मारतात. व्यसनी पतीपासून दूर जाणाऱ्या स्त्रीची कथा सांगणारी अ‍ॅनची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' (१८४८) ही कादंबरी ज्याला ठाऊक आहे, त्याला या काही चौकटींत एक संपूर्ण वाङ्मयीन मूल्यनिर्णय दिसेल. धुमसत्या नायकाचे आकर्षण साहित्याने कसे घडविले आणि ते नाकारणारी लेखिका कशी मागे पडली, हे येथे एका चेष्टेत उमटते. मराठी वाचकाला विडंबन म्हटले की अत्र्यांची 'झेंडूची फुले' आठवतात. तेथे लक्ष्य आहे ते कवींची शैली. बीटन यांचे लक्ष्य शैली नाही; चौकटीच्या मध्यभागी कोणाला उभे करायचे आणि कडेला कोणाला, ही इतिहासाची वाटणी आहे. कडेला उभे असलेले माणूस काहीतरी रोखठोक बोलते आणि मध्यभागी असलेल्याचा रुबाब उतरतो. हसण्याचा अधिकार येथे दुर्बलाकडे आहे.

'डक्स'मध्ये नेमका हा अधिकार हिरावलेला दिसतो. खाणीवरच्या वसाहतींत पुरुषांच्या मानाने स्त्रिया अत्यल्प. कोठीच्या खिडकीशी येणारा जो तो काही ना काही विनोद करतो. खिडकीमागच्या तरुणीने हसावे अशी अपेक्षा असते आणि ती हसतेही, कारण न हसणे महाग पडते. त्याच हवेत पुढे बलात्कार घडतो, आणि तो एकदाच घडत नाही. बीटन तो दाखवितानाही आवाज चढवीत नाहीत. विनोद आणि हिंसा यांच्यात भिंत नसून उतार आहे, हे प्रसंगांच्या संथ साखळीतून वाचकाच्या ध्यानात येते. येथील रूपबंधाचा विचार अपरिहार्य आहे. चित्रपट्टीची शेवटची चौकट हशा वसूल करते. चारशेहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथातील छोटे छोटे प्रसंग बरेचदा तशाच बेताने रचलेले आहेत, पण शेवटच्या चौकटीत एक गप्प चेहरा असतो. चित्रपट्टीचा सांगाडा तसाच ठेवून त्यातला हशा काढून घेणे, ही किमया ज्याने दहा वर्षे हशा बांधला त्यालाच साधावी. रेषाही तीच आहे, घाईची वाटणारी. फक्त भोवती करडा रंग आणि माणसाला मुंगी करणारी यंत्रे आली आहेत.

तरीही ही माणसे खलपुरुष होत नाहीत. प्रत्येक कार्यस्थळाच्या आरंभी तेथील माणसांचे चेहरे नावांनिशी मांडलेले आहेत. आपल्या घरचे पुरुष येथे आले असते तर तेही असेच झाले असते का, हा निवेदिकेचा प्रश्न ग्रंथभर पोखरत राहतो. काहींना यात अपराध्यांविषयी नको तितकी सहानुभूती वाटेल. मला तसे वाटत नाही. एकाकीपणा, कर्ज आणि दूरची घरे यांनी घडविलेल्या व्यवस्थेवरचा आरोप व्यक्तीवरच्या आरोपाला रद्द करीत नाही.

उणीव आहे ती अन्यत्र. एप्रिल २००८ मध्ये सिंक्रूड कंपनीच्या खाणीतील टाकाऊ, तेलकट पाण्याच्या तळ्यावर उतरून १,६०० हून अधिक बदके मेली. आरंभी हा आकडा ५०० सांगितला गेला होता. २०१० मध्ये कंपनीला सुमारे ३० लक्ष डॉलर दंड झाला. ग्रंथाचे शीर्षक या घटनेवरून आले आहे. बदकांची बातमी जगभर झाली. खाणीवर मेलेल्या कामगारांची तशी झाली नाही, आणि ज्यांच्या भूमीवर व पाण्यावर हे सारे उभे आहे त्या आदिवासी समूहांची तर त्याहून कमी. ही उतरंड बीटन ओळखतात, पण क्री समाजातील एका वृद्ध स्त्रीचा आवाज ग्रंथात येतो तो अगदी अखेरीकडे, पडद्यावरून. निवेदिकेला तो त्या काळात तितक्याच उशिरा ऐकू आला, हे प्रामाणिक निवेदन झाले. परंतु 'हार्क!'मध्ये कडेच्या माणसाला चौकटीत ओढून आणणाऱ्या लेखणीने येथे आत्मकथनाच्या सत्यनिष्ठेपोटी ती मुभा स्वतःला नाकारली आहे.