आज्ञापत्रातील चुना : प्रयोजन आणि प्रमाण

रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ सामान्यतः राजनीतीचा ग्रंथ म्हणून वाचले जाते. कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या नावे सुमारे १७१५ साली सिद्ध झालेल्या या लेखनातील दुर्गप्रकरण बांधकामाच्या भाषेच्या दृष्टीनेही मननीय आहे. गडावरील राजमंदिराच्या भिंती विटांच्या असाव्यात, त्यांस चुन्याचा लेप असावा आणि उंदीर, विंचू, मुंगी यांस थारा मिळू नये, असा त्यातील एका आदेशाचा आशय आहे.

अमात्य प्रयोजन नेमके सांगतात. प्रमाण सांगत नाहीत. हा ग्रंथाचा दोष नव्हे. आज्ञा अधिकाऱ्यास उद्देशून आहे. मिश्रणाचे ज्ञान गवंड्याच्या हाती आणि मुखी होते. परंतु जुन्या वाड्यांची डागडुजी करणारा किंवा चुनामातीचे घर बांधू पाहणारा आजचा वाचक अशा वचनांस कृतिपाठ मानू लागला, म्हणजे अनर्थ ओढवतो.

त्याचे मूळ शब्दांत आहे. ‘चुना’ हा शब्द संस्कृत ‘चूर्ण’पासून आला; पण तो एकाच वस्तूचा वाचक नाही. भट्टीतून निघालेला कळीचा चुना, पाण्याने विरवलेला कोरडा चुना आणि पाण्यात मुरवून लोण्यासारखा झालेला चुना या तीन भिन्न अवस्था होत. विरताना ५६ भार शुद्ध कळीचा चुना १८ भार पाणी शोषून ७४ भार होतो, आणि त्याचे आकारमान दुपटीच्या आसपास जाते. तेव्हा ‘तीन भाग वाळूस एक भाग चुना’ हे वाक्य, अवस्था सांगितल्याविना, अपुरेच राहते.

दुसरा भ्रम बेरजेचा. तीन आणि एक मिळून येथे चार होत नाहीत. कोरड्या वाळूत सुमारे एकतृतीयांश पोकळी असते. मुरलेला चुना तीच भरतो. १०० चौरस मीटर भिंतीवर १५ मिलिमीटर थर द्यावयाचा तर १.५ घनमीटर गिलावा लागतो. त्यासाठी वाळू जवळजवळ १.५ आणि मुरलेला चुना ०.५ घनमीटर हवा, नासधूस निराळी. चार भागांत हिशेब करणारा १.१२५ घनमीटरच वाळू आणतो, आणि भिंतीचा चतुर्थांश उघडा राहतो.

‘गिलावा’ या फारसी शब्दाचा मूळ रोख चिखलाकडे आहे. ‘सुरखी’ केवळ लाली दर्शविते. भाजलेल्या विटेची ती पूड चुन्याशी संयोग पावून ओलाव्यातही मिश्रण घट्ट करते, हे त्या नावावरून कळत नाही.

सारांश, आज्ञापत्र आपल्या मर्यादेत निर्दोष आहे; अपुरे आहे ते त्याचे वाचन. बांधकामाच्या मराठी कोशात प्रत्येक शब्दापुढे द्रव्याची अवस्था, माप आणि कार्य नोंदविले जाणे अगत्याचे आहे. जिल्ह्यातील वृद्ध गवंड्यांची बोली त्यासाठी ग्रंथाइतकीच प्रमाण मानावी लागेल, आणि ती टिपून घेण्यास विलंब परवडणारा नाही.