झिफ यांचा नियम आणि मराठवाडा

जॉर्ज किंग्स्ली झिफ यांचा ‘मानवी वर्तन आणि अल्पतम श्रमाचें तत्त्व’ या अर्थाच्या नांवाचा इंग्रजी ग्रंथ १९४९ सालीं प्रसिद्ध झाला. एखाद्या पुस्तकांतील शब्द मोजून त्यांची उतरती यादी केली, तर दुसऱ्या क्रमांकाचा शब्द पहिल्याच्या सुमारें निम्म्या वेळां आणि तिसरा एकतृतीयांश वेळां येतो, हा त्यांतील नियम. शहरांची लोकसंख्याही याच उतरणीनें जाते, असें त्यांचें म्हणणें. शहरांविषयींची ही गोष्ट फेलिक्स आउअरबाख यांनीं १९१३ मध्येंच दाखविली होती. झिफ यांनीं भाषा आणि नगरें एकाच माळेंत ओंवलीं व मनुष्याची श्रम वांचविण्याची प्रवृत्ति हा त्या माळेचा दोरा मानला. संग्रहाच्या या चिकाटीचें कौतुक वाटतें. शंका येते ती दोऱ्याविषयीं.

नियम घरच्या मापानें तपासावा म्हणून आम्हीं मराठवाडा घेतला. २०११ च्या जनगणनेंत औरंगाबादची (२०२३ पासून छत्रपति संभाजीनगर) लोकसंख्या सुमारें ११ लक्ष ७५ हजार होती. तिचा निम्मा भाग ५ लक्ष ८७ हजार. नांदेड साडेपांच लक्षांचें. तिसरा हिस्सा ३ लक्ष ९२ हजार. लातूर ३ लक्ष ८३ हजारांचें. चौथा २ लक्ष ९४ हजार. परभणी ३ लक्ष ७ हजारांची. इतका मेळ पाहून कोणाचेंही मन मोहून जाईल, आमचेंही गेलें. पांचव्या जालन्यापाशीं आंकडा पन्नास हजारांनीं वर जातो, सहाव्या बीडपाशीं जवळजवळ तितकाच खालीं येतो, आणि मोह ओसरूं लागतो. मराठवाड्याऐवजीं सारा महाराष्ट्र घेतला तर मुंबई १ कोटि २४ लक्षांची. मग पुणें ६२ लक्षांचें हवें होतें. तें ३१ लक्षांचें निघालें.

येथें आंकड्यांचा दोष नाहीं, कुंपणाचा आहे. नांदेडच्या संख्येंत वाघाळाही आहे, कारण १९९७ सालीं महानगरपालिका दोहोंची मिळून झाली. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता; तेथें पहिला क्रमांक हैदराबादचा. १९५६ मध्यें तो मुंबई राज्यांत आला आणि पहिली मुंबई झाली. नांदेड जागचें हाललें नाहीं. यादी मात्र पालटली. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. २०११ मध्यें तें त्या जिल्ह्याच्या मुख्य ठाण्याच्या तिपटीहून मोठें भरलें. तेथील बाजारपेठ आणि तेथील शिकवण्या (‘लातूर पॅटर्न’ हा शब्द तर घरोघरीं पोंचला आहे) यांचा हिशेब अल्पतम श्रमाच्या तत्त्वांत कोठें बसवावयाचा?

शब्दांच्या बाबतींतही हेंच कुंपण आडवें येतें. इंग्रजींत ‘ऑफ’ हा सुटा शब्द यादीच्या अग्रभागीं असतो; मराठींत त्याचें काम करणारे प्रत्यय नामाला चिकटून बसतात. ‘नांदेडचा’, ‘नांदेडला’, ‘नांदेडहून’ हे शब्द तीन कीं एक? जसें ठरवावें तशी यादी निघते. पुढें १९५७ मध्यें जॉर्ज मिलर यांनीं दाखविलें, कीं टंकयंत्राच्या कळा निव्वळ यदृच्छेनें दाबल्या, तरी त्या निरर्थक शब्दांतही बहुतेक हीच उतरण दिसते. माकडानें कळा बडविल्या तर त्यानें कोणते श्रम वांचविले?

भूकंपांनाही याच कुळांत बसविण्याची रीत आहे. गुटेनबर्ग व रिश्टर यांच्या १९४४ च्या नियमाप्रमाणें तीव्रतेचा अंक एकानें वाढला, कीं धक्क्यांची संख्या सुमारें दशांशावर येते. हा नियम भक्कम आहे, आणि मनुष्याच्या श्रमांशीं त्याचा कांहींच संबंध नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारें दहा हजार माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. त्या भागांत आदल्या वर्षीं लहान धक्के बसले होते. असे धक्के पुष्कळ ठिकाणीं बसतात आणि विरून जातात. किल्लारीचे विरणारे नाहींत, हें १९९२ सालीं त्या उतरणीवरून कोणालाही वाचतां आलें नसतें.