लिथियम-आयन घटाची गणिती प्रतिमाने : एक चिकित्सक परामर्श

प्रास्ताविक

लिथियम-आयन घट १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणला. आज भ्रमणध्वनीपासून विद्युत वाहनापर्यंत त्याचा संचार आहे. मात्र या घटात किती प्रभार शिल्लक आहे, हे चालू वाहनात थेट मोजता येत नाही. हाती असतात त्या तीनच राशी : विद्युतदाब, विद्युतप्रवाह आणि तापमान. त्यांवरून घटाच्या अंतःस्थितीचा अंदाज बांधण्याचे काम बॅटरी-व्यवस्थापन प्रणाली करते आणि त्या अंदाजाचा आधार गणिती प्रतिमान हा असतो. चालकासमोरील पडद्यावर दिसणारी टक्केवारी हे मोजमाप नसून अनुमान असते. म्हणूनच या अनुमानाची विश्वासार्हता तपासणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात या क्षेत्रातील दोन प्रमुख परंपरांचे मूल्यमापन केले आहे.

भौतिक-रासायनिक प्रतिमान

मार्क डॉईल, थॉमस फुलर व जॉन न्यूमन यांनी १९९३ मध्ये मांडलेले प्रतिमान या परंपरेचा पाया मानले जाते. त्यात सच्छिद्र इलेक्ट्रोडमधील कणांच्या आत लिथियमचे विसरण, विद्युत् विच्छेद्यातील आयनांचे वहन आणि कणांच्या पृष्ठभागावरील अभिक्रियेचा वेग यांची समीकरणे एकत्र गुंफलेली आहेत. मूळ मांडणीत ऋण इलेक्ट्रोड लिथियम धातूचा होता. १९९४ मध्ये ती दोन्ही इलेक्ट्रोड लिथियम सामावून घेणारे असलेल्या घटापर्यंत विस्तारली गेली.

या प्रतिमानातील प्रत्येक राशीला भौतिक अर्थ आहे, हे त्याचे मोठे बलस्थान होय. जलद प्रभारणाच्या वेळी ग्रॅफाइटवर लिथियम धातूचा थर साचण्याची शक्यता कोठे निर्माण होते, याचा अंदाज त्यावरून घेता येतो. परंतु मूळ मांडणीत तापमान स्थिर मानले होते आणि घटाच्या क्षयाचा विचार नव्हता. याहून गंभीर अडचण प्राचलांची आहे. प्राचलांचे निरनिराळे संच जवळजवळ सारखाच दाब-आलेख देऊ शकतात. त्यामुळे आलेख जुळला म्हणजे घटाचे अंतरंग कळले, हा निष्कर्ष टिकत नाही.

परिपथ प्रतिमान

दुसरी परंपरा घटाच्या जागी रोध व धारित्र यांचा छोटा परिपथ कल्पिते. लहान सूक्ष्मनियंत्रकावर तो सहज चालतो. ग्रेगरी प्लेट यांनी २००४ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांनी साध्या घट-प्रतिमानांना काल्मन गाळणीच्या विस्तारित रूपाची जोड दिली. प्रवाहाच्या बेरजेवरून केलेला अंदाज मोजलेल्या दाबाशी ताडून सतत सुधारत राहावा, ही त्यामागील कल्पना. अंदाजाबरोबर त्याच्या अनिश्चिततेची मर्यादाही सांगणारी ही पद्धत अभियांत्रिकीच्या दृष्टीने निःसंशय मोलाची आहे.

तथापि येथेच एक सूक्ष्म दोष संभवतो. या गाळणीच्या मुळाशी मापनातील चुका यादृच्छिक असून त्यांची सरासरी शून्य असते, हे गृहीतक आहे. प्रवाह-संवेदकातील कायमची चूक या गृहीतकात बसत नाही. उदाहरणार्थ, ५० अँपिअर-तास धारकतेच्या घटात संवेदक सतत ०.१ अँपिअर इतका चुकत असेल, तर केवळ बेरजेवर विसंबल्यास ५० तासांत ५ अँपिअर-तास, म्हणजे १० टक्के तफावत पडते. दाबाच्या मोजमापाने ही तफावत भरून निघावी, अशी अपेक्षा असते. परंतु लोह-फॉस्फेट प्रकारच्या घटात प्रभाराच्या बऱ्याच मोठ्या पल्ल्यात दाब ३.३ व्होल्टच्या आसपास जवळपास स्थिर राहतो. तेथे दाब फारसे काही सांगत नाही आणि सुधारणा दुबळी पडते. गाळणीने सांगितलेली अनिश्चितता मात्र गृहीतकांवरून काढलेली असल्याने, प्रत्यक्ष चूक वाढली तरी ती त्या प्रमाणात रुंदावत नाही. प्रतिमान चुकते आणि तरीही निःशंक राहते, ही स्थिती अज्ञानापेक्षा अधिक घातक होय.

समारोप

भारतात २०२२ मध्ये विद्युत दुचाकींना आगी लागल्यानंतर एआयएस १५६ या मानकात सुधारणा करण्यात आल्या आणि व्यवस्थापन प्रणालीच्या सुरक्षाविषयक अटी अधिक कडक झाल्या. प्रतिमानाचा प्रश्न केवळ गणिताचा नाही, तो जीविताचा आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. घटाच्या आतील सूक्ष्म लघुपरिपथ आरंभी बाहेरील दाबात क्वचितच उमटतो. त्यामुळे सरासरी त्रुटी अल्प असणे हा सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही.

दोन्ही परंपरांपैकी एकीची निवड करणे हा यावरचा उपाय नव्हे. परिपथाचा वेग आणि भौतिक प्रतिमानाचा अर्थ यांची सांगड घालणारी संक्षिप्त प्रतिमाने हीच योग्य दिशा दिसते. मात्र त्यांची कसोटी नव्या घटावर, सुखद तापमानात घेऊन भागणार नाही; जुना घट, थंडी, कडक उन्हाळा आणि सदोष संवेदक यांच्यासमोर ती व्हावयास हवी. महाविद्यालयांतील गणित, रसायनशास्त्र व इलेक्ट्रॉनिक्स विभागांनी हा विषय एकत्र शिकविल्यास, समीकरण सोडविण्याइतकेच त्याचे गृहीतक तपासणेही महत्त्वाचे असते, हा संस्कार विद्यार्थ्यांवर होईल. ज्या प्रतिमानाला आपली मर्यादा सांगता येते, तेच विश्वासास पात्र ठरते.