छायाचित्रात न मावणारी भाकरी

माणूस किती खातो हे मोजण्याचे काम आता कॅमेऱ्याकडे जात आहे. ताटाचा फोटो काढायचा, संगणकाने पदार्थ ओळखायचे, आकारावरून वजन ठरवायचे आणि तक्त्यातून उष्मांक काढायचे, अशी ही रीत. मी पोषणशास्त्राची पदवी घेतलेली नाही. मोहोळमध्ये राहून मिळेल ते वाचत आलो आहे. पण फोटो हाही एक मजकूर आहे, आणि मजकूर काय सांगतो व काय गाळतो हे पाहणे समीक्षेचेच काम आहे.

आधी या पद्धतीच्या बाजूने बोलायला हवे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतून १९७२ साली राष्ट्रीय पोषण देखरेख विभागाचे काम सुरू झाले. त्यांचे कार्यकर्ते घरी येत, ठरावीक मापाच्या वाट्या पुढे ठेवत आणि काल दिवसभरात काय खाल्ले ते विचारत. सगळी भिस्त आठवणीवर. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेले पाणी पाजून शरीराने खर्चलेली ऊर्जा मोजता येते. माणसांवर ही चाचणी १९८०च्या दशकात होऊ लागली, तेव्हा लोक खाल्ल्यापेक्षा कमी सांगतात असे वारंवार दिसले. अमेरिकेत लुइझियानातील पेनिंग्टन संस्थेच्या संशोधकांनी म्हणून जेवणाआधीचा आणि जेवणानंतरचा असे दोन फोटो मागवायला सुरुवात केली. मापासाठी ताटाशेजारी एक कार्ड ठेवायचे. उष्टे किती टाकले हेही त्यातून कळते. आठवणीपेक्षा हा साक्षीदार बरा, यात शंका नाही.

पण तो आमच्याकडे आणून पाहू. रब्बी ज्वारीचे प्रसिद्ध मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्या संशोधन केंद्रातले. १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेले. त्या ज्वारीची भाकरी फोटोत गोल दिसते, जाडी दिसत नाही. २०१७च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत ३३४ उष्मांक. साठ ग्रॅम पिठाची पातळ भाकरी दोनशे उष्मांकांची, नव्वद ग्रॅमची जाड भाकरी तीनशेंची; वरून दोन्ही सारख्याच. ती आमटीत कुस्करली की आकारही गेला. शेंगाच्या चटणीवर किती तेल घेतले, ते चटणीत मुरल्यावर कोण सांगणार? एका ग्रॅम तेलाचे नऊ उष्मांक होतात.

दुसरा प्रश्न यंत्राच्या शिक्षणाचा. २०१४ साली झुरिकच्या संशोधकांनी तयार केलेल्या एका गाजलेल्या चित्रसंग्रहात १०१ पदार्थांचे प्रत्येकी हजार फोटो आहेत. त्यात समोसा आहे, भाकरी नाही. २०२१ साली गूगलच्या संशोधकांनी सुमारे पाच हजार ताटल्यांचे व्हिडिओ आणि वजने प्रसिद्ध केली. पण त्या कॅलिफोर्नियातल्या उपाहारगृहांतल्या. ही उणीव भरून निघेल. कोणी भाकरीचेही लाखभर फोटो गोळा करील.

माझा मुख्य आक्षेप त्यापुढचा आहे. फोटो एक ताट आणि त्याचा एक धनी गृहीत धरतो. घरातली बाई सगळ्यांचे झाल्यावर चुलीपाशी बसते, टोपल्यातली उरलेली अर्धी भाकरी घेते आणि कालवणाचे पातेले पुसून खाते. तिच्यापुढे ताटच नसते. नवऱ्याच्या ताटाचा फोटो नेमका आला आणि तिचा आलाच नाही, तर पाहणीत घर पोटभर जेवलेले दिसेल. थंडीत रानात आगटीभोवती हुरडा खाताना तर कोणाचेच ताट नसते. कणीस हातावर चोळायचे, दाणे तोंडात टाकायचे. घानामध्ये अंगावर लावायचे छोटे कॅमेरे वापरून पाहिले गेले, त्यात हाताचा प्रत्येक घास टिपता येतो. पण मग चूल, मूल, शेजारीण, सगळेच टिपले जाते. त्याला घरच्या बाईची संमती कशी घ्यायची, हा प्रश्न यंत्राचा नाही.

हे मोजमाप किरकोळ नाही. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दरडोई रोज २२५० उष्मांक धरून दारिद्र्याचा हिशेब मांडला. त्यांच्या हाती कुटुंबाच्या खर्चाचे आकडे होते; घरात कोणाला किती मिळाले ते त्यात नव्हते. साताऱ्याच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे वेगळे: निरोगी माणसाची गरजही रोज बदलते, म्हणून सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी नाही. त्यांच्या हिशेबाने उपाशी माणसांची संख्या बरीच कमी होई. दांडेकरांना ते मान्य नव्हते. देश तोच, लोक तेच. माप बदलले की भुकेल्यांचा आकडा बदलतो.

कॅमेऱ्यामुळे एकाच माणसाचे अनेक दिवस पाहता येतील, म्हणजे सुखात्म्यांच्या प्रश्नाला हात घालता येईल. त्यासाठी तो वापरावाच. मात्र त्याच्यासोबत विचारणारे माणूस घरात गेले पाहिजे. पिठाचा डबा, तेलाची बुधली तोलली पाहिजे. आणि पहिला प्रश्न हा हवा: या घरात शेवटी कोण जेवते, आणि तेव्हा काय उरलेले असते?