उशिराची झोप आणि मंत्रचळ : एका निष्कर्षाची तपासणी

हात स्वच्छ आहेत हे ठाऊक असूनही पुन:पुन्हा धुणे, कडी लागलेली दिसत असूनही दहादा ओढून पाहणे, याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. डॉक्टर ‘ओसीडी’ म्हणतात. अमेरिकेतील बिंगहॅम्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये याविषयी एक निष्कर्ष मांडला. रुग्ण आदल्या रात्री जितका उशिरा झोपला, तितका दुसऱ्या दिवशी विचारांवर व कृतींवर आपला ताबा कमी असल्याचे त्याने नोंदवले. शरीराच्या दैनिक लयीशी याचा संबंध असावा, असे सुचवले गेले.

प्रश्न चांगला आहे. तीव्र मंत्रचळाच्या रुग्णांत झोपेची वेळ पुढे सरकलेली आढळते, हे इतरांनाही दिसले आहे. पण पुरावा किती? विकाराचे २० रुग्ण, सौम्य लक्षणांची १० माणसे, एक आठवडा आणि झोपेची रोजनिशी. मोजला गेला तो ताबा नव्हे, ताबा असल्याची भावना. रात्र वाईट गेलेला माणूस सकाळी स्वत:ला सगळ्याच बाबतीत कमी गुण देतो.

दुसरे असे, की अंथरुणाला पाठ टेकण्याची वेळ म्हणजे जैविक घड्याळातली वेळ नव्हे. हे घड्याळ मेंदूच्या तळाशी सुमारे २०,००० चेतापेशींच्या जोडगुच्छात असते. त्यात किती वाजले हे कळते ते संध्याकाळी मंद उजेडात रक्तात वा लाळेत मेलॅटोनिन वाढू लागण्याच्या वेळेवरून. दोन रुग्ण रात्री एक वाजता झोपले असे समजा. एकाचे घड्याळच मागे पडले आहे. दुसऱ्याला झोप येत होती, पण तो एकपर्यंत गॅसचे बटण तपासत होता. रोजनिशीत दोघांची नोंद सारखीच! शिवाय विकाराचा जोर एकदा वाढला की काही दिवस टिकतो. मग उशिराची झोप आणि दुसऱ्या दिवसाचा त्रास ही दोन्ही त्याचीच रूपे असू शकतात.

माझा खरा आक्षेप मात्र ‘आत्मसंयम’ या शब्दाला आहे. संयमाचा साठा असतो व तो वापरून संपतो, हे बाउमायस्टर यांचे १९९८ चे मत फार लोकप्रिय झाले. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून अधिक जणांवर ते तपासले, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. मंत्रचळात तर अडचण निराळीच आहे. रुग्ण विचार थोपवण्यात कमी पडत नाही, तो सारखा थोपवतच असतो. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे बजावले की तेच मनात येते, हे वेग्नर यांनी १९८७ मध्ये दाखवले होते. गुणकारी ठरलेली उपचारपद्धतीही विचार दाबायला सांगत नाही. विचार येऊ द्यायचा आणि कृती टाळायची, असा तिचा रोख असतो.

शिक्षकांनी हे का वाचावे? किशोरवयात जैविक घड्याळ निसर्गत:च मागे पडते आणि मंत्रचळही पुष्कळदा याच वयात सुरू होतो. वर्गात उशिरा येणाऱ्या, तोच शब्द खोडून पुन्हा लिहिणाऱ्या मुलाला ‘लवकर झोप, मनावर ताबा ठेव’ एवढेच सांगितले, तर त्याच्या आजाराला आपण कमकुवतपणा ठरवतो आणि डॉक्टरांकडे जाणे लांबते.

हा प्रश्न सोडवण्यासारखा आहे. सकाळच्या प्रखर प्रकाशाने रुग्णाचे घड्याळ पुढे आणता येते. झोपेचे तास तेवढेच ठेवायचे, मेलॅटोनिन मोजायचे आणि धुण्यातपासण्यात गेलेली मिनिटे दुसऱ्या कुणीतरी, घड्याळ लावून नोंदवायची.